रक्ताची राखण : गुडघा-सांधा बदल शस्त्रक्रियेतील रक्तस्राव कमी करण्याचे उपाय

बऱ्हाणपूर हे नगर तापीच्या काठावरील जुने ठाणे. फारुकी सुलतानांनी ते वसविले, मोगलांनी येथून दक्षिणेचा कारभार पाहिला. याच नगरात १७ जून १६३१ रोजी शहाजहानची राणी मुमताज महल हिचा चौदाव्या बाळंतपणात मृत्यू झाला. मूल जगले, माता गेली. दीर्घ प्रसूतिवेदनांनंतर झालेला रक्तस्राव हेच तिच्या मृत्यूचे कारण असावे, असे आजचे वैद्यकशास्त्र मानते. तापीपलीकडील झैनाबाद येथे तिचे दफन झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचे अवशेष आग्र्यास नेण्यात आले. साम्राज्याची सर्व संपत्ती आणि दरबारचे हकीम हाताशी असूनही वाहणारे रक्त थांबविण्याचे साधन त्या काळी कोणाजवळही नव्हते.

आज ते साधन आहे. ते महागही नाही. ज्या औषधाने प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावातून मातांचे प्राण वाचतात, तेच औषध वृद्धांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतही रक्त वाचविते. त्या औषधाबरोबर पुष्कळशी साधी खबरदारी घेतली, तर गुडघा-सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत बहुतेक रुग्णांना दुसऱ्याचे रक्त द्यावे लागत नाही. ही खबरदारी रुग्णालयाच्या दारात सुरू होत नाही. ती गावात, शस्त्रक्रियेच्या महिना-दीड महिना आधी सुरू होते. म्हणून हा विषय डॉक्टरांइतकाच ग्रामस्थ, शिक्षक व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

गुडघ्याचा सांधा व त्याची शस्त्रक्रिया

मांडीचे हाड व नडगीचे हाड जेथे मिळतात, तेथे दोन्हींच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. वयोमानाने, स्थूलतेने, जुन्या दुखापतीने अथवा वर्षानुवर्षांच्या उकिडव्या बैठकीच्या कामाने ही कूर्चा झिजते. हाडावर हाड घासू लागते. पाय बाहेरच्या बाजूस वाकतो, जिना चढणे व शौचास बसणे अशक्य होते, रात्रीची झोप जाते. केळीच्या बागेत अथवा कापसाच्या शेतात आयुष्य घालविलेल्या स्त्रिया आणि यंत्रमागापाशी तासन्तास उभे राहिलेले कारागीर यांच्यात ही तक्रार नेहमी आढळते.

व्यायाम, वजन घटविणे, काठीचा आधार व औषधे यांनी भागले नाही, तर सांधा बदलण्याचा विचार केला जातो. १८९० मध्ये बर्लिनच्या थेमिस्टोक्लिस ग्लुक या शल्यविशारदाने हस्तिदंताचा गुडघा बसवून पाहिला होता; परंतु विश्वसनीय असा कृत्रिम गुडघा १९७० नंतरच्या दशकातच सिद्ध झाला. आजच्या शस्त्रक्रियेत हाडांची झिजलेली टोके काही मिलिमीटर जाडीने कापून त्यांवर धातूचे आवरण बसवितात व मध्ये पॉलिथिलीनची चकती ठेवतात. २०१७ मध्ये केंद्र शासनाच्या औषध-मूल्य प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत ही शस्त्रक्रिया समाविष्ट आहे आणि २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, त्या योजनेचे संरक्षण देण्यात आले. त्यामुळे जी शस्त्रक्रिया पूर्वी मोठ्या शहरांतील सधन कुटुंबांपुरती होती, ती आता गावातील आजी-आजोबांच्याही वाट्यास येऊ लागली आहे.

रक्त किती जाते व कोठे जाते

हाड हे वाळलेल्या लाकडासारखे निर्जीव असते, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः जिवंत हाडाच्या आत रक्ताने भरलेली मज्जा असते. हाड कापले की तो कापलेला पृष्ठभाग पाझरू लागतो. तो टाके घालून शिवता येत नाही. म्हणून या शस्त्रक्रियेत रक्तस्राव होणे अपरिहार्य आहे. प्रश्न असतो तो त्याच्या प्रमाणाचा.

विशेष उपाय न योजल्यास एका गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत सुमारे एक ते दीड लिटर रक्त जाऊ शकते. यातील सर्व रक्त डोळ्यांना दिसत नाही. काही भाग शस्त्रक्रियेच्या वेळी शोषक नळीत व कापडात जातो, तर जवळजवळ तेवढाच भाग नंतर सांध्यात व मांडीच्या स्नायूंत साचतो. यास गुप्त रक्तस्राव म्हणतात. पट्टी कोरडी दिसते, नातेवाईक निश्चिंत असतात. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्ण फिकट पडतो, उठताच त्यास भोवळ येते. मांडी सुजते व काळीनिळी होते. व्यायाम थांबतो आणि गुडघा आखडतो. रक्त वाचविणे म्हणजे केवळ रक्ताची पिशवी वाचविणे नव्हे. रुग्ण वेळेवर पायावर उभा राहणेही त्यावर अवलंबून असते.

एक साधा हिशेब

पुढील उदाहरण समजुतीसाठी घेतले आहे. शिक्षकांनी ते फळ्यावर मांडून दाखविण्यासारखे आहे.

प्रौढ स्त्रीच्या शरीरात दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे ६५ मिलिलिटर रक्त असते. म्हणजे ६० किलो वजनाच्या स्त्रीच्या शरीरात सुमारे ३,९०० मिलिलिटर, अर्थात चार लिटरांहून थोडे कमी रक्त असते. रक्तातील प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य म्हणजे हिमोग्लोबिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे दर १०० मिलिलिटर रक्तात ते प्रौढ स्त्रीत १२ ग्रॅमपेक्षा व पुरुषात १३ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजतात.

आता अशा दोन स्त्रिया घेऊ. पहिलीचे हिमोग्लोबिन १३, दुसरीचे १०. दोघींचेही १,२०० मिलिलिटर रक्त गेले. गेलेल्या रक्ताची जागा शरीरातील पाणी व शिरेतून दिलेले द्रव घेतात, पण त्यांत हिमोग्लोबिन नसते. म्हणून रक्त पातळ होते. दोन-तीन दिवसांनी पहिलीचे हिमोग्लोबिन साधारणतः साडेनऊवर येईल, तर दुसरीचे सातच्या थोडे वर. पहिली रक्त न घेता बरी होईल. दुसरीस बहुधा रक्त द्यावे लागेल.

समजा, योग्य उपाय योजून रक्तस्राव निम्म्यावर, म्हणजे ६०० मिलिलिटरवर आणला. मग पहिलीचे हिमोग्लोबिन सुमारे ११ राहील व दुसरीचेही साडेआठच्या आसपास राहील. दुसरीसही रक्ताविना निभावता येण्याचा संभव वाढला.

या हिशेबातून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, शस्त्रक्रियेपूर्वी हिमोग्लोबिन वाढविणे. दुसरी, शस्त्रक्रियेत रक्त कमी जाऊ देणे. पहिली गोष्ट मुख्यतः घर व गाव यांच्या हाती आहे, दुसरी रुग्णालयाच्या. दोन्ही एकत्र आल्या म्हणजे काम तडीस जाते.

शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी

भारतात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याच पिढ्या पुढे वृद्ध होऊन गुडघ्याच्या शस्त्रक्रियेस येतात. तेव्हा शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधीच, निदान चार ते सहा आठवडे अगोदर, हिमोग्लोबिनची तपासणी झाली पाहिजे. आदल्या दिवशी तपासणी करून कमतरता कळली, तर उरतो तो एकच उपाय, रक्ताच्या पिशवीचा.

रक्तक्षय आढळल्यास त्याचे कारण शोधावे. वयस्क पुरुषात अथवा पाळी गेलेल्या स्त्रीत विनाकारण रक्तक्षय होत नाही. मूळव्याध, जठरातील व्रण, आकडीकृमी, मूत्रपिंडाचा विकार, क्वचित आतड्याचा कर्करोगही त्यामागे असतो. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरातून थोडे थोडे रक्त जात राहते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. काळी शौचास होणे हे त्याचे लक्षण होय.

लोहाची कमतरता असल्यास लोहाच्या गोळ्यांनी तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारणतः एक ते दोन ग्रॅमने वाढते. गोळीच्या आगेमागे तासभर चहा घेऊ नये. चहाने लोहाचे शोषण कमी होते. लिंबू, आवळा, पेरू यांनी ते वाढते. गोळ्या सोसत नसल्यास अथवा वेळ थोडा असल्यास शिरेवाटे लोह देता येते; ते मात्र रुग्णालयातच घ्यावे. शाकाहारी वृद्धांत जीवनसत्त्व ब-१२ ची उणीव वरचेवर आढळते, तिचीही तपासणी व्हावी.

सातपुड्याच्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक विकार आढळतो. त्यातील रक्तक्षय लोहाच्या उणिवेमुळे नसतो. म्हणून तपासणीवाचून लोहाचा मारा करणे योग्य नाही. अशा रुग्णाची भूल, मांडीवरील दाबपट्टा व रक्त देणे या सर्वांबाबत वेगळी काळजी घ्यावी लागते. सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातीलच शहडोल येथे झाला. त्या मोहिमेत मिळालेले तपासणीचे कार्ड रुग्णाने शस्त्रक्रियेस येताना बरोबर आणावे.

औषधांची माहिती लपवू नये. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन यांसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असल्यास ती डॉक्टरांस आवर्जून सांगावी. यांतील काही औषधे शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस थांबवितात, काही चालूच ठेवतात. हृदयात स्टेंट बसविलेल्या रुग्णाने स्वतःच्या मनाने औषध बंद केल्यास हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. म्हणून बंद करणे अथवा चालू ठेवणे, हा निर्णय सर्वस्वी डॉक्टरांचा असावा. बाजारातून आणलेल्या बिननावाच्या पुड्या व काढे यांचाही उल्लेख करावा.

दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलून घ्यावेत काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. एका भरतीत काम उरकते हे खरे. परंतु रक्तस्रावही वाढतो. वय, हृदयाची स्थिती व हिमोग्लोबिन पाहूनच हे ठरवावे.

शस्त्रक्रियागृहातील उपाय

कमरेत सुई देऊन केवळ खालचे अंग बधिर करण्याच्या भूल-पद्धतीत संपूर्ण भुलीपेक्षा रक्त सामान्यतः कमी जाते. रुग्णाचे अंग उबदार ठेवणे हाही महत्त्वाचा उपाय आहे. शरीर गार पडले की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते.

मांडीवर हवेने फुगणारा दाबपट्टा बांधून रक्तप्रवाह तात्पुरता रोखण्याची रीत जुनी आहे. त्यामुळे शल्यविशारदास स्वच्छ दिसते. परंतु पट्टा सोडल्यावर साचून राहिलेला रक्तस्राव सुरू होतो आणि एकूण हिशेबात फारशी बचत होत नाही. मांडी मात्र दुखते. म्हणून अलीकडे अनेक शल्यविशारद पट्टा थोडाच वेळ वापरतात अथवा वापरतच नाहीत.

मांडीच्या हाडात मापाची सळई घालण्यासाठी छिद्र पाडलेले असते. ते उघडे राहिल्यास मज्जेतून रक्त पाझरत राहते. कापलेल्या हाडाच्याच तुकड्याने हे छिद्र बुजविल्यास रक्त वाचते. पूर्वी जखमेत रक्त ओढून घेणारी नळी ठेवण्याचा सर्रास प्रघात होता. तिने रक्ताची गाठ टळेल अशी अपेक्षा होती. पण अभ्यासांत तिचा विशेष लाभ दिसला नाही, उलट नळीच्या ओढीने अधिक रक्त बाहेर आले व रक्त देण्याची वेळ अधिक आली. म्हणून साध्या शस्त्रक्रियेत ही नळी आता पुष्कळ ठिकाणी ठेवीत नाहीत.

ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड

या सर्व उपायांत ज्याचा लाभ सर्वांत निश्चित ठरला आहे, ते औषध म्हणजे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. जपानमधील शोसुके व उताको ओकामोतो या संशोधक दांपत्याने ते शोधून १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. युद्धोत्तर जपानात साधनांची टंचाई होती. रक्तावर संशोधन केल्यास नमुना थोडाच लागतो आणि अडल्यास स्वतःचे रक्त वापरता येते, या विचाराने त्यांनी हा विषय निवडला, असे उताको ओकामोतो यांनी नंतर सांगितले होते.

या औषधाचे कार्य समजण्यासाठी शेताच्या पाटाचे उदाहरण घ्यावे. पाटाचा काठ फुटला की शेतकरी मातीने तो बुजवितो. परंतु त्या ओल्या मातीत घूस बीळ करू लागली, तर बुजविलेले भगदाड पुन्हा पडते. शरीरातही असेच घडते. जखम होताच रक्तपट्टिका व फायब्रिन नावाचे तंतू मिळून रक्ताची गुठळी तयार होते व भोक बुजते. त्याच वेळी गुठळी विरघळविणारी यंत्रणाही शरीरात जागी होते. एरवी ती आवश्यकच आहे. पण मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ती अकाली जोर धरते. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड या विरघळविणाऱ्या द्रव्यास फायब्रिनच्या तंतूंना चिकटू देत नाही. म्हणजे हे औषध नवी माती घालीत नाही, केवळ घुशीस आवरते. नवी गुठळी ते तयार करीत नाही, झालेली टिकविते.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत ते सामान्यतः छेद घेण्यापूर्वी शिरेवाटे देतात व गरजेप्रमाणे काही तासांनी पुन्हा देतात. ते सांध्यात सोडता येते, तोंडावाटे गोळ्यांच्या रूपातही देता येते. अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा की, या औषधाने रक्त देण्याची गरज निम्म्याहून अधिक कमी होते. औषधाने पायाच्या अथवा फुप्फुसाच्या शिरांत घातक गुठळ्या वाढतील अशी भीती आरंभी होती; गुडघ्याच्या रुग्णांवरील अभ्यासांत तशी वाढ आढळली नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, साडेनऊ हजारांवर रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात हृदयाव्यतिरिक्त इतर शस्त्रक्रियांतही मोठा रक्तस्राव ११.७ टक्क्यांवरून ९.१ टक्क्यांवर आल्याचे दिसले.

तरीही हे औषध घरी आणून आपल्या मनाने घेण्याचे नव्हे. नुकताच पक्षाघात अथवा शिरांत गुठळी झालेल्या, अपस्माराचे झटके येणाऱ्या व मूत्रपिंड दुर्बल असलेल्या रुग्णांत त्याविषयी जपून निर्णय घ्यावा लागतो. औषध-भांडाराच्या कर्मचाऱ्यांसाठी एक सूचना महत्त्वाची आहे. या औषधाची कुपी व कमरेत देण्याच्या भुलीच्या औषधाची कुपी काही वेळा सारखी दिसते. चुकून हे औषध कमरेत दिले गेल्यास प्राणघातक ठरू शकते, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दिला. म्हणून दोन्ही कुप्या वेगवेगळ्या खणांत, ठळक नावासह ठेवाव्यात आणि देण्यापूर्वी नाव मोठ्याने वाचावे.

शस्त्रक्रियेनंतरची काळजी

बहुतेक रक्तस्राव पहिल्या चोवीस तासांत होतो. या काळात पाय उंचावर ठेवणे, पहिले काही तास गुडघा किंचित वाकवून ठेवणे, दाब देणारी पट्टी व बर्फाचा शेक हे उपाय डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे करावेत. गरम पाण्याचा शेक व तेलाची मालिश मुळीच करू नये. प्रेमापोटी नातेवाइकांकडून केलेली मालिश ताज्या गुठळ्या सोडविते आणि जखमेस अपाय करते.

त्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी रुग्णास आधाराने उभे करतात. यास घाबरू नये. पडून राहिल्यास पोटरीच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका असतो. ती टाळण्यासाठी काही दिवस रक्त पातळ ठेवणारे औषध दिले जाते. एकीकडे रक्त वाहू नये व दुसरीकडे ते नको तेथे गोठू नये, असा हा दुहेरी तोल आहे; म्हणून घरी गेल्यावरही औषधाचा क्रम मोडू नये, तसेच ते दुप्पट करू नये.

घरी परतल्यावर पुढील लक्षणे दिसल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे अथवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी : पट्टी वरचेवर भिजणे, उठताना भोवळ येणे, छातीत धडधड, दम लागणे, काळी शौचास होणे, पोटरी सुजून दुखणे, छातीत दुखणे.

रक्त केव्हा द्यावे

पूर्वी हिमोग्लोबिन १० च्या खाली गेले की रक्त देण्याची पद्धत होती. ‘एखादी बाटली चढवली म्हणजे ताकद येईल’ ही समजूत त्यातूनच रुजली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार वृद्धांचे दोन गट केले. एका गटास १० च्या खाली, दुसऱ्यास ८ च्या खाली अथवा त्रास दिसल्यासच रक्त दिले. दोन महिन्यांनंतर मृत्यू व चालण्याची क्षमता यांत फरक आढळला नाही. तेव्हापासून अस्थि-शस्त्रक्रियेत साधारणतः ८ ही मर्यादा मानतात. केवळ आकडा न पाहता रुग्णाची लक्षणे व हृदयाची स्थितीही पाहतात.

दिलेले रक्त तपासलेले असले तरी ताप, पुरळ, फुप्फुसात पाणी होणे, क्वचित संसर्ग असे धोके असतात. काहींच्या बाबतीत जुळणारे रक्त मिळणेच कठीण असते. १९५२ मध्ये मुंबई येथे डॉ. य. म. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी एक विरळा रक्तगट शोधून काढला. तो जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ या नावाने ओळखला जातो. नेहमीच्या तपासणीत हा गट ‘ओ’ असल्याचा भास होतो, परंतु अशा व्यक्तीस ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही. त्याच गटाचे रक्त लागते. असा रुग्ण आल्यास रक्त वाचविणे हाच पहिला व उत्तम उपाय ठरतो.

तेच औषध, माताही वाचवील

ओकामोतो दांपत्याची मूळ इच्छा हे औषध प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात वापरले जावे अशी होती. तिची कसोटी फार उशिरा लागली. २०१० मध्ये अपघातातील २०,२११ जखमींवरील अभ्यासात औषधाने प्राण वाचतात हे सिद्ध झाले. पुढे २१ देशांतील २०,०६० मातांवरील अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत औषध मिळालेल्या मातांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. तीन तासांनंतर लाभ दिसला नाही. उताको ओकामोतो त्यापूर्वीच, २०१६ मध्ये, ९८ व्या वर्षी निवर्तल्या होत्या.

२०२३ मध्ये आफ्रिकेतील चार देशांच्या ८० रुग्णालयांतील अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखविली. प्रसूतीच्या वेळी मातेखाली मापाच्या खुणा असलेली पिशवी ठेवून रक्त मोजले आणि मर्यादा ओलांडताच गर्भाशयाचे मर्दन, गर्भाशय आकुंचित करणारे औषध, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, शिरेतून द्रव व तपासणी हे सर्व एकदम सुरू केले, तर तीव्र रक्तस्राव व त्याचे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी होतात. डोळ्यांच्या अंदाजाने रक्त नेहमी कमीच वाटते. गुडघ्यातील गुप्त रक्तस्राव असो की प्रसूतीतील उघडा रक्तस्राव असो, जे मोजले जाते तेच वेळेवर थांबविता येते.

सातपुड्याच्या पायथ्याच्या वाड्या-पाड्यांतून रुग्णालय गाठण्यास लागणारा वेळ ध्यानात घेतला, म्हणजे या तीन तासांचे मोल कळते. प्रसूती संस्थेतच व्हावी, वाहनाची सोय आधीच ठरलेली असावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात हे औषध मुदतीत व हाताशी असावे, या तिन्ही गोष्टींची जबाबदारी गाव व शासन यांनी वाटून घ्यावयाची आहे.

गाव, शाळा व कार्यालय यांचे कर्तव्य

ग्रामस्थांनी शस्त्रक्रिया ठरताच डॉक्टरांस चार प्रश्न विचारावेत : रुग्णाचे हिमोग्लोबिन किती आहे? ते वाढविण्यास किती अवधी आहे? चालू औषधांपैकी कोणती थांबवावयाची? रक्त वाचविणारे औषध या रुग्णास देता येईल काय? हे विचारण्यात डॉक्टरांचा अवमान नाही. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांचे स्वागतच करील.

रक्ताची गरज कमी करता येते, नाहीशी करता येत नाही. अपघात, प्रसूती, सिकलसेल व थॅलॅसेमियाचे रुग्ण यांस रक्त लागतच राहणार. १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यास देशात बंदी आहे. म्हणून ऐच्छिक रक्तदान हाच मार्ग उरतो. १८ ते ६५ वर्षे वयाच्या, किमान ४५ किलो वजनाच्या व १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या निरोगी व्यक्तीस रक्त देता येते. पुरुषांस तीन महिन्यांनी, स्त्रियांस चार महिन्यांनी. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत वाचलेली एक पिशवी एखाद्या मातेच्या कामी येते, हे रक्तदात्यांनी व रुग्णांनी सारखेच लक्षात ठेवावे.

शिक्षकांनी वरील हिशेब विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. ५० किलो वजनाच्या स्त्रीच्या शरीरात किती रक्त असेल? एक लिटर रक्त गेल्यास तिचा कितवा भाग गेला? आजीचे हिमोग्लोबिन शेवटचे कधी तपासले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याने घरी विचारून आणावे. त्या एका प्रश्नामुळे कित्येक घरांत तपासणी होईल.

अधिकारी व आरोग्य कर्मचारी यांनी वृद्धांच्या शिबिरांत गुडघ्याच्या तपासणीबरोबर हिमोग्लोबिनची तपासणी ठेवावी, रक्तक्षय आढळलेल्यांची वेगळी यादी करावी व त्यांस उपचार देऊन, फेरतपासणी झाल्यावरच शस्त्रक्रियेसाठी पाठवावे. तारीख महिनाभर पुढे गेल्याने झिजलेल्या गुडघ्याचे फारसे बिघडत नाही. परंतु त्या महिन्यात वाढलेले दोन ग्रॅम हिमोग्लोबिन रुग्णास शस्त्रक्रियेतून सुखरूप पार नेते.